जकात गेली, नाका राहिला

मुलुंडला एल.बी.एस. मार्गाच्या ठाण्याकडच्या टोकाला संध्याकाळी उभं राहिलं, की एकच शब्द चारी बाजूंनी कानावर येतो. चेकनाका. शेअर रिक्षावाले तो ओरडतात, बसचा कंडक्टर तो पुटपुटतो, फोनवर बोलणारी मुलगी ‘मी चेकनाक्याला उतरतेय, तू समोरच थांब’ असं सांगते. मुलीचं वय बघता तिने इथे कुणाचं काही ‘चेक’ होताना पाहिलं असेल असं वाटत नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबई महापालिकेची जकात त्याच दिवशी बंद झाली. त्याआधी इथे ट्रकांच्या रांगा, पावत्या फाडणारे कारकून, ट्रकवाल्याच्या वतीने कागद नाचवणारे एजंट आणि त्या सगळ्यांना रात्रभर चहा पाजणारे टपरीवाले असा एक संसार होता. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या वेशीवरचा टोलसुद्धा हलक्या वाहनांना माफ झाला. रिक्षावाल्याला विचारलं, ‘‘इथे चेक काय करतात हो?’’ त्याने माझ्याकडे नव्याने मुंबईत आलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं. ‘‘काय नाय. नाव आहे.’’

रोजच्या बोलण्यातले शब्द, म्हणी आणि टोपणनावं येतात कुठून, ते उपनगरांत फिरून बघा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी जरा धास्तावलोच होतो. हल्ली प्रत्येकाच्या फोनवर रोज एक व्युत्पत्ती येते आणि ती जितकी गोड, तितकी खोटी असते. पण मुलुंडपासून सुरुवात केली हे बरं झालं, कारण ‘नाका’ या एका शब्दात पुढच्या सगळ्या भटकंतीचं सूत्र सापडलं.

नाका म्हणजे मुळात कर वसूल करायची, ये-जा अडवायची जागा. तिथला माणूस तो नाकेदार, आणि पोलिसांनी बॅरिकेड लावले की ती नाकाबंदी. कर गेला तरी माणसं थांबायची सवय राहिली, म्हणून चौकच नाका झाला. साकीनाका, मरोळ नाका. मग त्या चौकात सकाळी सात वाजता कामाच्या आशेने उभे राहणारे गवंडी, बिगारी, रंगारी आले. रंगाऱ्याच्या हातातला रोलर हीच त्याची पाटी. ते झाले ‘नाका कामगार’. त्यांच्यातला एखादा आठवडाभर दिसला नाही, तर गावी गेला किंवा आजारी पडला असं धरतात आणि त्याच्या नावावर ‘खाडा’ लागतो. संध्याकाळी त्याच जागी रिकामी पोरं उभी राहिली आणि ‘नाक्यावरची पोरं’ ही एक जात तयार झाली. भाऊ पाध्यांनी १९६५ साली ‘वासूनाका’ लिहून त्या पोरांची भाषा जशीच्या तशी छापली, तेव्हा मराठी वाचकांत मोठा गहजब झाला होता. सात वर्षांनी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द कवीकडून समजून घ्यावे लागले होते. एकाच शहरात राहून!

मुंबईच्या रस्त्यावरची भाषा टपोऱ्यांनी आणि भाई लोकांनी घडवली असं सिनेमाने आपल्याला पटवून दिलंय. फिरताना मला उलटंच दिसत गेलं. यातले बहुतेक शब्द कुणाच्या तरी कामावरचे आहेत. काम बंद पडलं, खातं गुंडाळलं, माणूस घरी गेला. शब्द मात्र कामावरचे कपडे न काढताच रस्त्यावर फिरत राहिला.

घाटाच्या वर की घाटाच्या कोपऱ्यात

अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे पूर्वी ३४० नंबरची बस, आणि ती साकीनाक्याला अडकली की नशीब. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो सुरू झाली आणि हे अंतर लोक उभ्याउभ्या फोन बघत पार करू लागले. असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं खिडकीत आली, की डब्यातला कोणीतरी कोणाला तरी हमखास सांगतो, ‘‘घाट के ऊपर, इसलिए घाटकोपर.’’ माझ्या समोरही एका काकांनी पाहुण्याला हेच सांगितलं. पाहुण्याने मान डोलावली.

मला हे पटत नाही. ठाण्याला कोपरी आहे, डोंबिवलीच्या अलीकडे कोपर आहे, खाडीपलीकडे कोपरखैरणे आहे. यातलं एकही गाव कशाच्या ‘वर’ नाही. कोपर म्हणजे कोपरा, वाकण. घाटकोपर म्हणजे टेकड्यांच्या कोपऱ्यातलं गाव, हे जास्त सरळ दिसतं. पण ‘घाट के ऊपर’ टिकणार, कारण ते हिंदीत आहे, गुजरातीत ‘उपर’शी जुळतं, आणि परगावच्या माणसाला एका वाक्यात समजतं. गावाच्या नावाचा अर्थ गावात शेवटी आलेला माणूस ठरवतो, हा उपनगरांचा जुना रिवाज आहे.

त्या रिवाजाचा नमुना रेल्वेच्या इतिहासात आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. तिच्या थांब्यांची नावं वाचताना आपल्याच घराचा पत्ता कुणीतरी चुकीचा लिहून दिल्यासारखं वाटतं. बोरिवली ‘बेरेवला’, अंधेरी ‘अंदारू’, वांद्रे ‘बंदोरा’, दादर ‘दादुरी’. गोरेगावचं नाव तर ‘पहाडी’. ऐकणारा कान आणि लिहिणारा हात परका असला की असं होतं. पण पहाडी ही चूक नव्हती. पहाडी नावाचं गाव तिथे खरंच होतं, आणि आजही गोरेगावातल्या मालमत्तेच्या कागदावर ‘मौजे पहाडी गोरेगाव’ असतं. स्टेशनाने एक नाव टाकून दिलं, तलाठ्याने ते जपलं.

मधल्या काळात कारखान्यांनी नावं दिली. अंधेरीत हायवेवरचा पत्ता सांगताना ‘बिस्लेरी’ म्हटलं की पुरे, भांडुपला ‘सिएट’, विक्रोळीला ‘गोदरेज’. बऱ्याच कंपन्यांच्या जागी टॉवर आले, तरी रिक्षावाल्याच्या तोंडी कंपनीच राहते. मजा अशी की मेट्रो ७ सुरू झाली तेव्हा स्टेशनांना या नावांऐवजी त्याखालची जुनी गावठाणं सापडली. गुंदवली, मोगरा, आकुर्ली, पोयसर, मागाठाणे. अंधेरीत जन्म काढलेल्या माणसांनाही २०२३च्या जानेवारीत पहिल्यांदा ‘पुढील स्टेशन मोगरा’ ऐकताना जरा चमकायला झालं असणार.

आणि मोठ्या माणसांचं काय? ती अक्षरांत मिटली. दादाभाई नौरोजी ‘डी.एन. नगर’मध्ये, जमनालाल बजाज ‘जे.बी. नगर’मध्ये, लोकमान्य टिळक बोरिवलीच्या ‘एल.टी. रोड’मध्ये आणि स्वामी विवेकानंद ‘एस.व्ही. रोड’वर, जो आधी घोडबंदर रोड होता. बोरिवलीच्या ‘आय.सी. कॉलनी’तलं आय.सी. म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च. हे तिथल्या बिगरख्रिस्ती रहिवाशांना विचारा. मला तर ‘इंडियन कॉलनी’ असंही उत्तर मिळालं.

नावं जशी जागेला पडतात तशी माणसांनाही, आणि तिथे मामला गोड राहत नाही. ‘घाटी’ घ्या. घाटावरून, म्हणजे सातारा-सांगली-पुणे-नगरकडून, गिरणीत आणि गोदीत आलेला तो घाटी. आधी हे नाव कोकणातल्या मराठी माणसाने देशावरच्या मराठी माणसाला दिलं. मग शहरातल्या इतरांनी ते उचललं आणि हमाल, धुणंभांडी करणारी बाई, सगळ्यांनाच लावलं. दिशा सांगणारा शब्द शिवी झाला. कोकणी माणसाला मात्र त्याच्या गावाने नाव दिलं ते बरं होतं, ‘चाकरमानी’. मुंबईत चाकरी करून मान मिळवणारा, गणपतीला येताना पेढ्यांचा पुडा आणि पाकिटात नोटा घेऊन येणारा. पण त्यातली ‘चाकरी’ काहींना खुपत होतीच. २०२५च्या ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवारांनी सरकारी कामकाजात ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासी’ म्हणावं असं सांगितलं. भांडुप-मुलुंडमधून सुटणाऱ्या गणपतीच्या बसगाड्यांजवळ हा विषय काढला, तर एक आजोबा म्हणाले, ‘‘कोकणवासी तर गावाक ऱ्हवणारो. मग मी कोण?’’ सरकारी शब्दकोशात या प्रश्नाला जागा नाही.

उपनगरातली जुनी माणसं अजूनही चर्चगेटला जाताना ‘मुंबईला जातो’ म्हणतात. त्यांना हसू नये. अंधेरी-घाटकोपर १९५०ला महापालिकेत आले, बोरिवली-मुलुंड १९५७ला. त्याआधी ती खरोखर मुंबईला जात होती. नातवंडं त्याच प्रवासाला ‘टाउनला जातो’ म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात आपण राहतो ती ‘मुंबई’ नव्हे, हे कबूल आहेच.

सुपारी आली का?

गणपतीच्या आधी घाटकोपरच्या भटवाडीत एका बँजो पार्टीच्या तालमीला जाऊन बसलो होतो. बँजो म्हणजे विजेवर वाजणारं बुलबुलतरंग. सोबत ताशे, ढोल, पॅड. मधोमध टोपी घातलेला, सगळ्यांचा ‘दादा’, एका हाताने ताल देत होता आणि दुसऱ्या हाताने फोन घेत होता. ‘‘आगमनाच्या दोन सुपाऱ्या आहेत. पाद्यपूजनाची एक उचलली. विसर्जनाला आता जमणार नाही, ती सुपारी आधीच झालीय.’’ हे संभाषण एखाद्या परप्रांतीय माणसाने नुसतं ऐकलं तर तो पोलिसांना फोन करेल.

दादाला त्यात काहीच वावगं वाटत नाही, आणि त्याचंच बरोबर आहे. ‘सुपारी’ ही मुळात त्याची. लग्न ठरलं की ‘सुपारी फुटली’ म्हणायचे. देवाला, पाहुण्याला, मानकऱ्याला आमंत्रण द्यायचं तर सुपारी-अक्षता. तोंडी शब्दाला एक वस्तू साक्षीला ठेवायची, एवढाच तिचा अर्थ. तमाशाच्या फडांनी तोच शब्द व्यवहारात आणला. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी यात्रेसाठी फड ठरवायला येतात, तारीख आणि बिदागी ठरते, विसार दिला जातो, ती सुपारी. कीर्तनकार, वक्ते, ऑर्केस्ट्रा, बँडवाले, सगळे सुपारीच घेतात. एखादा वक्ता फार त्वेषाने बोलायला लागला तर ‘याने सुपारी घेतलीय’ असं श्रोते म्हणतात, आणि इथून वळण लागतं. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या वतीने, ठरलेल्या दिवशी करायचं काम. यातला शब्दन् शब्द मारेकऱ्यालाही लागू पडतो.

गुन्हेगारी जगावरच्या पुस्तकांतून एक किस्सा सांगितला जातो. माहीमच्या भीमराजाच्या दरबारात अवघड कामगिरीसाठी विडा-सुपारीचं तबक ठेवत आणि जो उचलेल तो शूर. किस्सा देखणा आहे, ‘विडा उचलणे’ या वाक्प्रचाराशीही जुळतो. पण गिरणगावातला, चाळीतला तरुण जेव्हा पहिल्यांदा ‘सुपारी’ म्हणाला असेल, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भीमराजा नसून गल्लीतली बँड पार्टी असेल, असं मला वाटतं. तिचा मालक तर शेजारच्याच खोलीत राहायचा.

हेच ‘हप्त्या’चं. फारसीतला आठवडा. आठवड्याला उगवणारा सावकार आधी आला, दारूबंदीच्या काळात चोरटे अड्डे चालवणाऱ्यांकडून होणारी वसुली नंतर. आता मराठीने त्याचे सोयीस्कर दोन भाग केले आहेत. बँकेचा तो ‘हप्ता’, गुंडाचा तो ‘हफ्ता’. पहिला चुकला तर नोटीस येते, दुसरा चुकला तर माणूस. ‘पेटी’ आणि ‘खोका’ यांची तर राजकारणाने समाजसेवाच केली. लाख आणि कोटीचे हे शब्द पूर्वी कुजबुजत बोलले जायचे. २०२२च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ घुमलं आणि बालवाडीतल्या मुलांनाही खोक्याची किंमत कळली.

‘तडीपार’ मात्र पोलिसांच्या कागदातून आला. तड म्हणजे किनारा. काम ‘तडीस नेतो’ तीच ही तड. १९५१च्या पोलीस कायद्याखाली उपद्रवी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. उपनगरातला तडीपार बऱ्याचदा मुंबई, उपनगर आणि ठाणे अशा तिन्ही हद्दींबाहेर पाठवला जातो. तो जातोही, आणि अनेकदा अमावस्येला आईला भेटायला आल्याच्या कारणावरून पुन्हा पकडला जातो. त्याच्या पलीकडचं उदाहरण ‘चारसोबीस’चं. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहिताच गेली, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं. ‘तो माणूस तीनशे अठरा आहे’ असं म्हणून बघा. कोणीही वळून बघणार नाही.

टोपणनावांचा कारखानाही याच गल्ल्यांत आहे आणि त्याचं यंत्र अगदी साधं. एका चाळीत दोन सुरेश असले की एक काळा सुऱ्या, एक गोरा सुऱ्या. एक वरच्या माळ्याचा, एक नळाजवळचा. घाटकोपरला लागून असलेल्या टिळक नगरात दोन राजन होते, राजन नायर आणि त्याच्या हाताखालचा राजेंद्र निकाळजे. एक बडा, एक छोटा. १९८३ साली बडा राजन कोर्टाच्या आवारात मारला गेला, छोटा पुढे कितीही मोठा झाला तरी छोटाच राहिला.

लोच्याची प्लेट

घाटकोपर आणि मुलुंड ही गुजराती माणसांची गावं, तेव्हा फरसाणाच्या दुकानात जाणं क्रमप्राप्त होतं. काउंटरच्या मागे पाटी – ‘गरमागरम सुरती लोचो’. चण्याच्या डाळीचं पीठ वाफवलेलं, ढोकळ्यासारखं उभं न राहता प्लेटमध्ये सैल पसरलेलं, वर तेल, शेव, कांदा, लिंबू. दुकानदार सांगतो की सुरतेत कुणाचा तरी खमण बिघडला, पातळ राहिला, गिऱ्हाईक ओरडलं ‘आ शुं लोचो कर्यो?’, आणि बिघडलेलाच माल चालायला लागला. गोष्ट खरी असो-नसो, गुजरातीत लोचो म्हणजे गोंधळ, हे पक्कं. मुंबईच्या तोंडी तो ‘लोचा’ झाला, २००६च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ने त्याला ‘केमिकल’ जोडून दिलं, आणि आता डॉक्टरसुद्धा पेशंटला समजावताना तो वापरतात. ‘अंडरवर्ल्डची भाषा’ म्हणून ज्याची ओळख, तो शब्द शेव-कांदा घालून तिथे मिळतो.

‘राडा’ही तसाच घरगुती. देशावर पाऊस पडून अंगणात पाय रुतायला लागले की ‘राड झालीय’ म्हणतात. गुरांच्या गोठ्यापुढचा, पायांनी तुडवलेला चिखल. मुंबईत मातीच दिसेना, तेव्हा तुडवातुडवी तेवढी राहिली. ‘झोल’ मंडपवाल्यांचा. बोरिवलीत नवरात्राचा मंडप बांधताना पाहिलं, वर चढलेला पोरगा खालच्याला ओरडत होता, ‘‘झोल काढ, झोल काढ, पानी साठेल.’’ कापड सैल राहिलं की मध्ये पोट येतं, तिथे पाणी जमतं आणि एक दिवस मंडप खाली येतो. हिशेबातला झोलही नेमका असाच असतो, फक्त पोट वेगळ्याच ठिकाणी सुटतं. ‘वांधा’ म्हणजे जुन्या मराठीत तंटा, हरकत. ‘पतली गली’ला तर व्युत्पत्तीच लागत नाही, असल्फाला किंवा चिरागनगरला एकदा चालून यावं. अण्णा भाऊ साठे याच चिरागनगरात राहिले. कानावर पडणारी बोली कागदावर आणायला त्यांना कुठल्या कोशाची गरज पडली नाही.

या सगळ्यात ‘भिडू’ची कहाणी मला सर्वांत अजब वाटते. पत्त्यांत, खो-खोत, लगोरीत आपल्या बाजूचा गडी तो भिडू. ‘एक भिडू कमी पडतोय’ असं म्हणून आपल्याला दुपारच्या झोपेतून उठवलेलं आहे. तीन बत्तीच्या चाळीत वाढलेल्या जॅकी श्रॉफने हा शब्द इतका वापरला, की मे २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याने आपलं नाव, आवाज आणि ‘भिडू’सुद्धा परवानगीशिवाय वापरू नये म्हणून दाद मागितली आणि काही जणांविरुद्ध अंतरिम मनाईही मिळाली. त्याचा राग समजतो. लोक त्याचा चेहरा लावून माल विकत होते. पण चाळीच्या जिन्यात पत्ते पिसणाऱ्या समस्त मंडळींना या खटल्यात नोटीस जायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

‘दादर सांगितलंय’

गाडीची भाषा ऐकायची तर मुलुंडहून सकाळची धीमी गाडी. आता, मुलुंडच्या माणसाला मुलुंडला चढून बसायला मिळत नाही. म्हणून तो आधी उलट दिशेने ठाण्याला जातो आणि तीच गाडी परत फिरताना बसून येतो. याला म्हणतात ‘रिटर्न मारणं’ किंवा ‘डाऊन करून येणं’. कांदिवली-मालाडच्या बायका बोरिवलीला जाऊन हेच करतात. या उलट्या प्रवासासाठी पासही पुढच्या स्टेशनचा काढावा लागतो, नाहीतर टीसी गाठतो. एका स्टेशनाच्या भाड्यात तासभराची बसायची सोय, हा व्यवहार इतका रुळलाय की ऑफिसातही कोणी कामाचा उलटा मार्ग धरून आधीच जागा पकडली, तर ‘रिटर्न मारून बसलाय’ म्हणतात.

बायकांच्या डब्यात तर एक अख्खी तोंडी आरक्षणव्यवस्था आहे. चढलेली बाई रांगेतल्या प्रत्येकीला विचारत जाते, ‘‘कुठे?’’ कोणी म्हणते दादर, कोणी भायखळा. मग पुढचा प्रश्न, ‘‘सांगितलंय कुणी?’’ सांगितलं नसेल तर ती जागा आता हिची. दादर आलं, मधेच दुसरी घुसली, तर ‘‘अहो, मी सांगितलंय!’’ एवढं वाक्य पुरतं. आजूबाजूच्या साक्षीदार आपोआप उभ्या राहतात. पावती नाही, नंबर नाही. रेल्वेने ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली, २५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून पहिली एसी लोकल सोडली. पण ‘सांगितलंय’ हा नियम कुठल्याही परिपत्रकाशिवाय दोन्ही गाड्यांत लागू झाला.

गाड्यांना नावं नसतात, वेळा असतात. ‘आमची नऊ-बारा’ म्हणजे ग्रुप, भजन, वाढदिवसाचा केक आणि निवृत्तीचा हार. वेळापत्रक बदलून गाडी नऊ-सोळाला निघायला लागली तरी ग्रुप नऊ-बाराच. इंडिकेटरवरची अक्षरं हाही एक गूढ कोश. मध्य रेल्वेवर ‘एस’ दिसलं की ती कर्जतची, ‘एन’ दिसलं की कसाऱ्याची. कल्याणनंतर दक्षिण-पूर्वेला जाते ती एस, उत्तर-पूर्वेला जाते ती एन. घाटकोपरच्या फलाटावर रोज हजारो माणसं ही अक्षरं वाचतात आणि बरोबर गाडीत चढतात. त्यातल्या ज्यांना ज्यांना अर्थ विचारला, ते ‘‘एस म्हणजे कर्जत’’ यापलीकडे गेले नाहीत. जायची गरजही नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षाची रांग. ‘‘मीटर डाऊन कर’’ म्हटलं की ड्रायव्हर डिजिटल मीटरचं बटण दाबतो. खाली करायचा तो लोखंडी हात इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाल्यावर भंगारात गेला. असंच दारूच्या दुकानातही. शेर आणि छटाक साठ वर्षांपूर्वी वजनकाट्यावरून गेले, पण ‘पावशेर मारली’ आणि ‘नवटाक टाकली’ अजून चालू आहे. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. पिणाऱ्याला हे माहीत नसतं आणि त्याचा हातही तेवढ्यावर थांबत नाही.

मुंबई ५९

अंधेरी पूर्वेच्या जे.बी. नगरात भिंतींवर, टोप्यांवर, मोबाइलच्या कव्हरवर ‘५९’ दिसतं. हा पिनकोडचा शेपटाचा भाग, ४०० ०५९. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आणला तो पत्रं वेगळी करायला. याच वस्तीत वाढलेला विवियन फर्नांडिस, म्हणजे रॅपर डिव्हाइन, आपल्या गाण्यांतून हा आकडा घेऊन फिरला आणि पोस्टमनचं काम पोरांचं आडनाव झालं. धारावीची पोरं ‘१७’ लावतात. जात, भाषा, धर्म विचारायची वेळ येण्याआधी आकडा सांगून मोकळं व्हायची ही युक्ती मला आवडली. १९६०-७०च्या दशकात पत्रिकेवर ‘मुंबई २८’ छापणाऱ्या दादरकरांनाही त्यात एक वेगळी ऐट होतीच, फक्त त्यांनी टोपीवर छापली नव्हती.

क्रिकेटने तर गल्लीची भाषा थेट जगाला ऐकवली. फेब्रुवारी २०२४, विशाखापट्टणम, इंग्लंडविरुद्धची कसोटी. बोरिवलीत काका-आजीआजोबांकडे वाढलेला रोहित शर्मा आपल्या क्षेत्ररक्षकांना ‘गार्डन’मध्ये फिरत असल्यासारखं हिंडण्याबद्दल सज्जड दम देत होता आणि स्टंपमधला माईक चालू होता. पुढचे शब्द छापण्यासारखे नाहीत. बोरिवलीच्या मैदानांवर मात्र कुणालाच त्यात नवीन वाटलं नाही. बॉल येत नसताना गवत उपटत बसणाऱ्या मुलाला तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवलं जातंय.

याच पोरांच्या तोंडी सध्या एक शब्द फार आहे, ‘छपरी’. रंगवलेले केस, सायलेन्सर काढलेली बाइक, रील बनवायची हौस. थोडक्यात, आपल्यापेक्षा गरीब असून आपल्यासारखंच नटणारा कोणीही. शब्द छपराशी जोडलेला आहे. छप्परबंद ही लोकांची घरं शाकारून देणारी जमात. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत तिचं नाव आहे. ‘घाटी’ला लागलेलं वळणच हा शब्दही घेतोय, फक्त दहापट वेगाने. अंधेरीच्या एका कॉलेजबाहेर वडापावच्या गाडीवर हे मुलांना सांगितलं. एकजण म्हणाला, ‘‘आम्ही जात बघून नाही बोलत, काका.’’ दुसरी म्हणाली, ‘‘कपडे बघून बोलतोस ना?’’ मग तो गप्प बसून वड्याचा चुरा खात राहिला.

जाता जाता त्यांच्याशी बरोबरी करायला म्हणून मी म्हटलं, ‘‘चहा कडक आहे.’’ ती हसली. ‘कडक’ जुनं झालं म्हणे. मग ‘गली बॉय’वालं ‘बहुत हार्ड’? ते तर शाळेत असताना बोलायचो, २०१९ला.

‘‘मग आता काय बोलता?’’

‘‘नाही सांगणार,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही छापाल, आणि मग पप्पा बोलायला लागतील.’’